गृहकर्ज थकतंय, नोकरी गेलीय : सरकारी दिलासा म्हणून नेमकं काय मिळतं?

सोनचाफा

बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यात राहणाऱ्यांना हे ओळखीचं असेल. घरातला कर्ता माणूस एमआयडीसीत कामाला, कारखाना बंद पडतो किंवा कंत्राट संपतं, आणि डोक्यावर वीस-बावीस लाखांचं गृहकर्ज. आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका कुटुंबाचं सध्या हेच झालंय. कर्ज एका हाउसिंग फायनान्स कंपनीचं, हप्ता बावीस हजारांचा. दोन हप्ते थकलेत, तिसऱ्याची तारीख तोंडावर आलीय. वहिनी शिवणकाम करतात, त्यात किराणा आणि मुलांच्या फिया कशाबशा निघतात.

मध्यंतरी त्यांना व्हॉट्सॲपवर मेसेज आला की केंद्र सरकारच्या योजनेत थकलेले हप्ते माफ होतायत, नोंदणीसाठी फाइल चार्ज भरा. भरायला निघालेच होते, तेवढ्यात मला विचारलं. म्हणून सगळ्यात आधी हे लिहिते: थकलेलं गृहकर्ज माफ करणारी किंवा तुमचा हप्ता सरकारने भरावा अशी केंद्राची कोणतीही योजना आज नाही. असा मेसेज आला तर पैसे भरू नका, पुढे पाठवू नका.

मग दिलासा म्हणून काय आहे? यावर मी बरंच वाचलं. सुरुवात कोविडच्या २०२० पासून करते, कारण लोकांच्या डोक्यात अजून तेच बसलंय.

२७ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने मुदत कर्जांचे तीन महिन्यांचे हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली. मे महिन्यात ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. कितीतरी जणांना वाटलं, सहा हप्ते सुटले. प्रत्यक्षात व्याज चालूच होतं आणि ते बाकीत मिळवलं जात होतं. एक उदाहरण मांडते. ३० लाखांचं नवं कर्ज, २० वर्षांची मुदत, ८ टक्के दर. हप्ता येतो २५,०९३ रुपये. सहा महिने काहीच भरलं नाही तर बाकी होते ३१ लाख २२ हजार. हप्ता तेवढाच ठेवला तर २४० च्या जागी २६६ हप्ते भरावे लागतात. सहा महिन्यांच्या उसंतीचे सव्वीस हप्ते, म्हणजे साडेसहा लाख रुपये. कर्ज जितकं जुनं तितका हा आकडा कमी, पण नुकतंच घर घेतलेल्यांना, म्हणजे ज्यांच्याकडे शिल्लक सगळ्यात कमी त्यांनाच, हा फटका सगळ्यात मोठा.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर त्या सहा महिन्यांतलं चक्रवाढ व्याज आणि सरळ व्याज यांतला फरक परत द्यायचं ठरवलं. हप्ते नियमित भरले त्यांनाही तो मिळाला. वरच्या उदाहरणात चक्रवाढीने व्याज होतं १,२२,०१८ आणि सरळ दराने १,२०,०००. म्हणजे हातात आले साधारण दोन हजार रुपये. पुढे २३ मार्च २०२१ च्या निकालात न्यायालयाने त्या काळातलं व्याजावरचं व्याज कुणाकडूनच घेऊ नका असं सांगितलं, पण व्याजमाफीला नकार दिला. बँकांना ठेवीदारांना व्याज द्यावंच लागतं, हा मुद्दा त्यात होता आणि तो मला पटतो.

माझं म्हणणं वेगळं आहे. हप्ता पुढे ढकलल्याने ओझं कमी होत नाही. आणि कोविडसारखी साथ नसताना, एखाद्याच घरावर संकट आलं, तर दाद मागायला आपल्याकडे कायमचं दारच नाही. ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्ज पुनर्रचनेची खास मुभा दिली, मुदत दोन वर्षांपर्यंत वाढवता येत होती. मे २०२१ मध्ये ती दुसऱ्यांदा आणली आणि ३० सप्टेंबर २०२१ ला अर्जाची मुदत संपली. त्यानंतर नोकरी गेलेल्या माणसाने कुठे जायचं? बँकेत काम केलेले कुणी असतील तर कृपया लिहा.

निवृत्त_शाखाधिकारी

सोनचाफा ताई, कर्ज खात्यावर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात महत्त्वाचा आकडा ९० दिवस. हप्ता चुकला की पहिले तीस दिवस, मग साठ, मग नव्वद, अशा पायऱ्यांनी खातं 'एसएमए', म्हणजे थकायला लागलेलं खातं, म्हणून नोंदलं जातं. नव्वद दिवस उलटले की एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. तुमच्या शेजाऱ्यांकडे अजून वेळ आहे, पण तो दिवसांत मोजावा लागेल. एनपीए झाल्यावर एखादा हप्ता भरून खातं पूर्ववत होतं असा अनेकांचा समज आहे. तसं होत नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलंय की सगळी थकबाकी भरल्याशिवाय खातं 'स्टँडर्ड' करता येत नाही.

एनपीएनंतर सरफेसी कायदा लागतो, २००२ चा. कोर्टात न जाता तारण घर ताब्यात घेऊन विकायची मुभा वित्तसंस्थेला त्यातून मिळते. कलम १३(२) ची नोटीस येते, पूर्ण रक्कम भरायला ६० दिवस. लोक ही नोटीस घाबरून कपाटात ठेवून देतात. तिला लेखी उत्तर देता येतं, आणि ते फेटाळायचं तर वित्तसंस्थेला १५ दिवसांत कारणं कळवावी लागतात. साठ दिवसांनी ताब्याची नोटीस दारावर चिकटते आणि दोन वर्तमानपत्रांत छापून येते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. मराठी पेपरांत 'ताबा सूचना' म्हणून बारीक अक्षरांत पानंच्या पानं येतात, ती हीच. हा ताबा कागदावरचा. प्रत्यक्ष घराबाहेर काढायचं असेल तर बहुधा जिल्हाधिकारी किंवा मुख्य दंडाधिकारी यांचा आदेश आणतात. ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, जाता येतं. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे डीआरटी आहेत. दिवाणी कोर्टात जाऊन उपयोग नाही, तिथे हे प्रकरण चालत नाही.

लिलावाची जाहीर नोटीस निघेपर्यंत सगळी बाकी भरून घर सोडवता येतं. नोटीस निघाल्यावर तो हक्क राहत नाही. लिलावात देण्यापेक्षा जास्त रक्कम आली तर उरलेली कर्जदाराची असते, ती मागून घ्यावी. कित्येकांना हे माहीतच नसतं.

आता बँका आधीच मदत का करत नाहीत, हा तुमचा खरा प्रश्न. साधारण परिस्थितीत कर्जदार अडचणीत आहे म्हणून मुदत वाढवली, हप्ता कमी केला, तर नियमाप्रमाणे ती 'पुनर्रचना' ठरते आणि चांगलं खातंही एनपीएत टाकावं लागतं. कर्ज बुडेल या धास्तीने पैसे बाजूला काढून ठेवावे लागतात, शाखेचा आकडा बिघडतो. २०२० आणि २०२१ च्या योजनांत नेमकी याच नियमातून सूट होती, म्हणून तेव्हा बँका अर्ज घेत होत्या. अधिकारी वाईट असतो असं नाही. समोर रडणाऱ्या माणसाला मदत करायची इच्छा असूनही त्याच्या हातात मार्ग नसतो. मी त्या खुर्चीत बसलोय, हे मनापासून सांगतो.

पिंपरीकर_७८

शेतकऱ्यांना २०१७ ला दीड लाखापर्यंत माफी, २०१९ ला महात्मा फुले योजनेत दोन लाखांपर्यंत माफी. नोकरदाराला काय? आम्ही टॅक्स भरतो, पगारातून कापूनच जातो. कंपनीने एका मेलवर घरी पाठवलं की चौथ्या महिन्यात वसुलीवाले फोन करतात. आमचं मत कुणाला लागत नाही म्हणून कुणी बोलत नाही.

रानभूल

पिंपरीकर, तुमचा त्रास समजतो, पण शेतकऱ्याशी तुलना नको. पाऊस गेला तर त्याचं पीकच जातं, आणि त्याच्या मालाचा भावही त्याच्या हातात नसतो. शिवाय मी चौदा वर्षं भाड्याने राहते. घर घ्यायची ऐपत नाही म्हणून घेतलं नाही. ज्यांनी घेतलं त्यांचा हप्ता माझ्या करातून का भरावा? माझं भाडं थकलं तर मालक अकरा महिन्यांच्या करारावर बाहेर काढतो, तिथे कुठलं सरकार येत नाही. दिलासा द्यायचाच तर छप्पर जाणाऱ्या प्रत्येकाला द्या.

सोनचाफा

रानभूल, मुद्दा अगदी बरोबर आहे आणि मी त्यातून पळणार नाही. मी कर्जमाफी मागतच नाहीये. मागणी अशी की नोकरी गेली, आजारपण आलं, घरातलं माणूस गेलं, तर सहा-आठ महिने हप्ता कमी करून मिळावा, त्या काळाचं व्याज वाढत जाऊ नये आणि खातं एनपीए होऊ नये. यात करदात्याचा पैसा फारसा जात नाही. घर लिलावात गेलं तर बँकेलाही बहुतेक वेळा बाजारभाव मिळत नाही, म्हणजे त्यात कुणाचंच भलं नाही. भाडेकरूंसाठी वेगळी तरतूद हवी, हे शंभर टक्के मान्य.

एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहितोय. इथली २००८ ची मंदी आणि कोविड, दोन्ही संकटं जवळून पाहिली, त्यामुळे तुलना करता येईल.

२००८ नंतर आमच्या गल्लीत दर दोन-तीन घरांआड जप्तीची पाटी लागली होती. फेब्रुवारी २००९ मध्ये ओबामांनी ॲरिझोनातल्या मेसा इथे योजना जाहीर केली, तिचा मुख्य भाग म्हणजे 'हॅम्प'. कल्पना चांगली होती. हप्ता कुटुंबाच्या एकूण मासिक उत्पन्नाच्या ३१ टक्क्यांवर आणायचा. त्यासाठी आधी व्याजदर कमी करायचा, गरज पडली तर २ टक्क्यांपर्यंत. तरी जमलं नाही तर मुदत ४० वर्षांपर्यंत. तरीही नाही तर मुद्दलाचा काही भाग बिनव्याजी बाजूला ठेवायचा. तीन महिने नवा हप्ता वेळेवर भरून दाखवला की बदल कायम. कर्ज सांभाळणाऱ्या कंपन्यांना प्रत्येक बदललेल्या कर्जामागे सरकार पैसे देत होतं.

लक्ष्य होतं ३० ते ४० लाख कुटुंबांचं. २०१६ अखेर योजना बंद झाली तेव्हा कायम बदल झालेली कर्जं साधारण निम्मी. कारण अंमलबजावणी त्याच कंपन्यांच्या हातात होती. माझ्या ओळखीच्या एका गुजराती कुटुंबाने पगाराच्या पावत्या, बँकेची स्टेटमेंट, टॅक्सचे कागद फॅक्सने पाठवले. कंपनी म्हणाली मिळाले नाहीत. परत पाठवले, तर म्हणाली आता जुने झाले, नवीन महिन्याचे पाठवा. प्रत्येक फोनला नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून कहाणी. एका विभागात अर्ज चालू आणि दुसऱ्या विभागातून जप्तीची तारीख निघालेली. शेवटी त्यांनी घर सोडलं. त्या काकू आजही त्या रस्त्याने जात नाहीत.

या अनुभवातून पुढे नियम झाले, जानेवारी २०१४ पासून. हप्ता १२० दिवस थकल्याशिवाय जप्तीची कारवाई सुरू करायची नाही, आणि मदतीचा पूर्ण अर्ज वेळेत आलेला असेल तर त्याचा निर्णय होईपर्यंत कारवाई पुढे न्यायची नाही. सोनचाफा म्हणतात ते कायमचं दार म्हणजे हेच. शिवाय आमच्या राज्यात जप्ती कोर्टामार्फतच होते.

२०२० मध्ये खरा फरक दिसला. योगायोग असा की इथला कोविड मदतीचा केअर्स कायदाही २७ मार्च २०२० लाच सही झाला, तुमच्याकडे हप्ते पुढे ढकलायची मुभा मिळाली त्याच दिवशी. ज्या कर्जांना केंद्रीय संस्थांचं पाठबळ आहे त्यांच्या मालकांनी फक्त फोन करून 'कोविडमुळे अडचण आहे' एवढं सांगायचं, कागद नाही. १८० दिवस हप्ता बंद, मागितले तर आणखी १८०. वेळापत्रकापेक्षा जादा व्याज किंवा दंड नाही. आणि नंतर? थकलेले हप्ते उचलून कर्जाच्या अगदी शेवटी नेऊन ठेवले, बिनव्याजी. घर विकाल किंवा कर्ज संपेल तेव्हा द्या. तुमच्याकडे सव्वीस हप्ते वाढले, इथे जेवढे थांबवले तेवढेच उरले.

मार्च २०२१ मध्ये जवळपास १० अब्ज डॉलरचा घरमालक मदत निधी राज्यांना मिळाला, त्यातून थकलेले हप्ते, घरपट्टी, विमा भरले गेले. ती मात्र खरी मदत, सरकारी तिजोरीतून.

एक जुनी गोष्टही सांगतो, कारण 'सरकारने का भरावं' हा प्रश्न इथेही विचारला जातो. १९३३ च्या महामंदीत रूझवेल्ट सरकारने एक महामंडळ काढलं. त्याने बँकांकडून थकलेली कर्जं विकत घेतली आणि घरमालकांना लांब मुदतीची नवी कर्जं दिली. तीन वर्षांत सुमारे १० लाख. १९५१ मध्ये महामंडळ गुंडाळलं तेव्हा तोटा नव्हता, थोडा नफाच होता. त्याच महामंडळाच्या नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने धोकादायक दाखवल्या होत्या, हेही सांगायला हवं. कुणाचं घर वाचवायचं हे ठरवणाऱ्याच्या मनात काय आहे यावर बरंच अवलंबून असतं.

उत्तरा_लेस्टर

ब्रिटनचं थोडक्यात. इथे बेकारी भत्ता वगैरे मिळणाऱ्यांच्या गृहकर्जाच्या व्याजाला सरकार मदत करायचं. एप्रिल २०१८ पासून तीही कर्ज म्हणून मिळते, घर विकताना व्याजासकट परत. २०२३ च्या जूनमध्ये दर भराभर वाढले तेव्हा सरकार आणि बँकांमध्ये 'मॉर्गेज चार्टर' झाला. सहा महिने फक्त व्याज भरायची सोय, किंवा मुदत वाढवून सहा महिन्यांत विचार बदलला तर पुन्हा पूर्वीची मुदत. यासाठी उत्पन्नाची तपासणी नाही, क्रेडिट स्कोअरवर परिणाम नाही. आणि पहिला हप्ता चुकल्यापासून बारा महिने घर जबरदस्तीने ताब्यात घ्यायचं नाही. कायदा नाही, बँकांनी मान्य केलेला करार आहे, पण बहुतेक मोठ्या बँका त्यात आल्या. माझ्या नणंदेने सहा महिने फक्त व्याज भरलं, तेवढ्यात तिच्या नवऱ्याला दुसरी नोकरी लागली. बारा महिने आणि नव्वद दिवस यांत एका संसाराचा फरक पडतो.

तळेगावकर

माझं दुखणं जरा वेगळं. घर मिळालंच नाही आणि हप्ता चालू आहे. प्रकल्प अर्धवट, सातव्या मजल्यापर्यंत सांगाडा उभा. बँकेने टप्प्याटप्प्याने रक्कम बिल्डरला दिली, मी त्यावर प्री-ईएमआय भरतोय, वर राहत्या जागेचं भाडं. प्री-ईएमआयमध्ये फक्त व्याज जातं, मुद्दल एक रुपयानेही कमी होत नाही. सरकारचा स्वामी निधी आहे असं ऐकलं. मला त्यातून काही मिळेल का?

निवृत्त_शाखाधिकारी

तळेगावकर, तुम्हाला थेट नाही. स्वामी निधी नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर झाला, २५ हजार कोटींचा. पैसा प्रकल्प पूर्ण करायला जातो, कर्जदाराच्या खात्यात येत नाही. प्रकल्प रेराकडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाकडे, नोंदलेला हवा आणि तो पूर्ण करून विकल्यावर पैसे परत येतील एवढा जीव त्यात हवा. घराच्या किमतीची मर्यादा मुंबई महानगरात दोन कोटी, पुण्यात दीड कोटी. त्यातून पूर्ण झालेला पहिला प्रकल्प बोरिवलीचा, मे २०२१ मध्ये चाव्या दिल्या. २०२५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनी ५० हजार घरं पूर्ण झाल्याचं सांगितलं आणि १५ हजार कोटींचा दुसरा निधी जाहीर केला. त्याच भाषणात हप्ता आणि भाडं दोन्ही भरणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांचा उल्लेख होता, म्हणजे तुमचाच.

तुम्ही सगळ्या खरेदीदारांची संघटना करा आणि महारेरात, म्हणजे महाराष्ट्राच्या रेरात, जा. रेरा कायद्याच्या कलम १८ खाली ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मागता येतं, किंवा बाहेर पडून व्याजासह पूर्ण पैसे. आदेश मिळतो, वसुली अवघड असते, कारण वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि तिथे रांग असते. तरीही आदेश हातात असलेला बरा. आणि कितीही संताप आला तरी बँकेचा हप्ता स्वतःहून बंद करू नका. बँकेच्या लेखी कर्जदार तुम्ही आहात, बिल्डर नाही.

हिशेबनीस

सगळे जप्तीवर बोलताहेत, पण बऱ्याच घरांचा हप्ता जड होतो तो व्याजदरामुळे, त्यावर कुणी लिहिलं नाही.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला. २०२१ मध्ये ६.७५ ने ३० लाख घेतलेल्याचा हप्ता होता सुमारे २२,८००. दर ९.२५ झाल्यावर नुसतं महिन्याचं व्याजच जवळपास तेवढं. म्हणजे हप्ता भरूनही बाकी जेमतेमच कमी होणार. बँकांनी हप्ता तसाच ठेवून मुदत ताणली आणि लोकांना निवृत्तीनंतरची तारीख दिसू लागली. म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलला की कर्जदाराला कळवा, हप्ता वाढवायचा की मुदत की दोन्ही हे त्याला विचारा, धोरणानुसार स्थिर दराचा पर्याय द्या, आणि हप्त्यातून व्याजही निघत नाही अशी वेळ येऊ देऊ नका.

२०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला. तुमचा दर तेवढा उतरला का, आधी ते बघा. ऑक्टोबर २०१९ पासूनची बँकांची फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची, कर्जं बाहेरच्या मानकाला, बहुधा रेपोला, जोडलेली असतात. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना ते बंधन नाही, त्या स्वतःच्या मूळ दराने चालतात आणि जुन्या गिऱ्हाइकाचा दर आपणहून क्वचितच उतरवतात. सोनचाफा, तुमच्या शेजाऱ्यांचं इथेच काम होऊ शकतं. २२ लाख, २० वर्षं, १०.५ टक्क्यांनी हप्ता २१,९६४ येतो. ८ टक्क्यांनी १८,४०२. साडेतीन हजारांचा फरक, थोडं रूपांतर शुल्क भरून. खातं एनपीए झाल्यावर ना दर उतरतो ना दुसरी बँक कर्ज उचलते, म्हणून हे आधी. आणि दर उतरला की यंत्रणा बहुधा मुदत कमी करते, हप्ता नाही. अडचणीत असलेल्याने 'मुदत तीच ठेवा, हप्ता कमी करा' असं लेखी द्यावं.

गौरी_देवगड

प्रधानमंत्री आवास योजनेची सबसिडी थकलेल्या कर्जाला मिळते का? आमच्याकडे एक एजंट सांगतोय.

हिशेबनीस

नाही. जुनी व्याज अनुदान योजना मध्यम उत्पन्न गटासाठी मार्च २०२१ ला आणि बाकीच्यांसाठी मार्च २०२२ ला संपली. नवी शहरी योजना १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या कर्जांना आहे. घर ३५ लाखांपर्यंतचं, कर्ज २५ लाखांपर्यंत, त्यातल्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. ती घर घेण्यासाठी आहे. एजंटाला पैसे देऊ नका.

निवृत्त_शाखाधिकारी

सोनचाफा ताई, शेजाऱ्यांसाठी आणखी चार गोष्टी. कर्ज घेताना बहुधा विमा पॉलिसी जोडलेली असते, ती काढून वाचा. काहींत नोकरी गेल्यास ठरावीक हप्ते भरायची तरतूद असते आणि दावा करायची मुदत फार थोडी असते. पीएफमधून गृहकर्जासाठी पैसे काढता येतात, पण सगळे काढून थकबाकीत घालू नका. दोन महिन्यांनी पुन्हा तीच वेळ आली तर हातात काहीच उरणार नाही. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, शेजारीपाजारी किंवा नातेवाइकांत बदनामी करायची नाही. तसं झालं तर फोनची नोंद ठेवून लेखी तक्रार करा. महिन्यात उत्तर नाही आलं तर बँक असल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, हाउसिंग फायनान्स कंपनी असल्यास नॅशनल हाउसिंग बँकेकडे.

शेवटची गोष्ट सांगायला जड जातं. सहा महिन्यांत दुसरी नोकरी मिळायची शक्यता खरंच नसेल, तर कर्ज देणाऱ्याची संमती घेऊन घर स्वतः विकणं लिलावापेक्षा कितीतरी चांगलं. स्वतः विकलं तर भाव मिळतो, भाड्याच्या घराच्या डिपॉझिटपुरते पैसे हातात राहतात, नाव खराब होत नाही. पूर्ण कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत मिळायला हवीत, उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई, हा डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे.

सोनचाफा

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री शेजारचे ते दोघे आमच्याकडे बसले होते. कर्जाची फाइल जमिनीवर पसरून एकेक कागद बघितला. मूळ सँक्शन लेटरवर दर ९.१, आजच्या स्टेटमेंटवर १०.५, आणि मधल्या बदलांची एकही सूचना त्यांना आठवत नाही. विम्याची पॉलिसी सापडली, त्यात नोकरी जाण्याचं कलम नाही, फक्त मृत्यू आणि अपंगत्व. घर विकण्याचा विषय काढला तेव्हा वहिनी उठून आत गेल्या. नंतर बाहेर येऊन म्हणाल्या, दिवाळीपर्यंत बघू, तोवर मी ब्लाउजच्या ऑर्डरी वाढवते, मग तुम्ही म्हणाल तसं.

त्यांच्या भावांनी गावाकडून एका हप्त्याची सोय केलीय, म्हणजे नव्वद दिवसांची रेषा सध्या ओलांडली जाणार नाही. हा अर्ज उद्या देतायत. काही चुकत असेल तर आजच सांगा:

"महोदय, माझे गृहकर्ज आपल्या शाखेत आहे. माझी नोकरी कारखाना बंद झाल्यामुळे गेली असून सेवासमाप्तीचे पत्र सोबत जोडले आहे. त्याआधीचे हप्ते मी नियमित भरले होते. दोन हप्ते थकले असून त्यापैकी एक आज भरत आहे. माझी विनंती अशी : १) माझ्या कर्जाला लावलेल्या व्याजदरातील सर्व बदल तारखांसह लेखी द्यावेत. २) आज नव्या कर्जदारांना देत असलेला दर मला लावावा व त्यासाठीचे शुल्क कळवावे. ३) मुदत तीच ठेवून हप्ता कमी करावा, ते शक्य नसल्यास माझ्या वयोमर्यादेत बसेल इतकी मुदत वाढवावी. ४) पुढील सहा महिने किमान व्याजाइतका हप्ता घेण्याचा विचार व्हावा. ५) उशिराबद्दल लावलेल्या दंडाचा हिशेब मिळावा. यावरील निर्णय मला लेखी कळवावा, ही विनंती."

आणि खासदार-आमदारांना पाठवायला वेगळं पत्र लिहायला घेतलंय. त्यात दोनच मागण्या. नोकरी जाणं, गंभीर आजार किंवा घरातल्या कमावत्या माणसाचा मृत्यू या कारणांनी स्वतःच्या राहत्या एकमेव घराच्या कर्जाची एकदा पुनर्रचना केली तर खातं एनपीए धरू नये. आणि असा अर्ज आला असेल तर लेखी निर्णय होईपर्यंत १३(२) ची नोटीस काढू नये. सह्या करायला कोण कोण तयार आहे?

पिंपरीकर_७८

माझी सही धरा. आमच्या सोसायटीतूनही गोळा करतो.

रानभूल

माझीही. त्यात भाडेकरूंना नोकरी गेल्यावर किमान तीन महिने बाहेर काढू नये, ही तिसरी मागणी घाला.

सोनचाफा

घालते.

निवृत्त_शाखाधिकारी

अर्ज छान झालाय. चौथ्या मुद्द्यात 'हे पुनर्रचना म्हणून नोंदले जाणार असल्यास व त्याचा माझ्या क्रेडिट अहवालावर परिणाम होणार असल्यास तसे आधी कळवावे' एवढं जोडा. सहकर्जदार म्हणून वहिनींचं नाव असेल तर त्यांचीही सही घ्या. दोन प्रती न्या, एकीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर तिथे वाद घालू नका, पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती फाइलला लावा. त्याच दिवशी ईमेलही करा.